ज्ञानेश्वरी एकट्याने कशी वाचायची, न कळणाऱ्या ओव्यांसकट

बऱ्याच घरांत ज्ञानेश्वरी असते, लाल कापडात बांधून देवघराच्या वरच्या फळीवर, दसऱ्याला खाली येते, हळदकुंकू लागतं आणि परत वर जाते. वाचायची कधी, तर रिटायर झाल्यावर. ओळखीच्या चार-पाच जणांनी मला विचारलं की आम्ही घेतली होती वाचायला पण पहिल्या पन्नास ओव्यांतच सुटली, तू कशी वाचतेस, तर त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते इथे एकत्र लिहितेय. मी कीर्तनकार नाही, संस्कृतही शाळेपुरतंच, अकाउंट्समधे नोकरी करते आणि सकाळी डबे भरायच्या आधी जी वीस मिनिटं मिळतात त्यात वाचते. नऊ वर्षं झाली, मधे बरंच पुढेमागे झालं, आत्ता तेराव्या अध्यायात आहे.

आधी एक सांगते, सप्ताहातलं पारायण वेगळं आणि हे वेगळं. पारायणात सात दिवसांत अठरा अध्याय, नऊ हजार ओव्या, व्यासपीठ चालवणारे महाराज पुढे आणि मागे सगळं गाव एका सुरात, तिथे प्रत्येक ओवीचा अर्थ लागला का हे कुणी विचारत नाही, तो आवाज अंगावरून जाऊ द्यायचा असतो आणि त्याची गोडी मी लहानपणापासून घेतलीय. माझं माहेर प्रवरेच्या काठचं. त्याच नदीवर खाली नेवासं, जिथे खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मधे हा ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला. तर पारायण जमत असेल तर जरूर करा. पण वाचता वाचता आपण स्वतः कोण आहोत याचा काही पत्ता लागावा असं वाटत असेल तर मात्र स्पीड सोडायला लागतो. नामदेवांनी म्हणूनच ठेवलंय, एक तरी ओवी अनुभवावी. मी ते शब्दशः घेतलं. एक ओवी, एक आठवडा. सगळ्याच ओव्यांना नाही, तेवढा जन्म पुरायचा नाही, जी अडवते तिला.

प्रत कुठली घ्यायची

सार्थ प्रत घ्या, म्हणजे वर मूळ ओवी आणि खाली आजच्या मराठीत अर्थ. नुसता गद्य अर्थ घेऊ नका, त्यात ओवीचा ठेका जातो आणि ठेका गेला की अर्धी ज्ञानेश्वरी गेली. नुसती मूळ संहिताही पहिल्यांदा नको, माणूस दमतो. टाइप मोठा बघा, समासात पेन्सिलने लिहायला जागा आहे का बघा. ट्रेनमधे वगैरे मोबाइलवर पीडीएफ चालेल, पण घरी कागदच बरा, कारण मोबाइलवर ओवी वाचता वाचता वरून मेसेज टपकतो आणि मग त्या ओवीकडे परत येणं होत नाही.

दोन प्रती शेजारी ठेवल्या तर ओव्यांचे नंबर एखाद-दोनने मागेपुढे दिसतील, कुठे कुठे शब्दही वेगळे असतील. घाबरू नका. हे पाठभेद जुनेच आहेत, तीनशे वर्षांत म्हणताना-उतरवताना जे फरक शिरले होते ते एकनाथांनी १५८४ मधे तपासून शुद्ध प्रत तयार केली, आणि इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेली जुनी प्रत आणखी वेगळी आहे. आपल्याला पीएचडी करायची नाहीये, एक प्रत धरा आणि तीच वापरा.

भाषेची भीती लोकांना उगाच जास्त वाटते. काही शब्द सारखे सारखे येतात ते एकदा डोक्यात बसले की वाट बरीच मोकळी होते. 'कां' आला की बहुतेक वेळा 'किंवा' समजायचं, तो प्रश्न नसतो, मी पहिले काही महिने प्रत्येक 'कां'पाशी प्रश्न समजून अडखळत होते. 'नेणे' म्हणजे माहीत नसणं. 'निकें' म्हणजे चांगलं, 'वायां' म्हणजे फुकट, 'एथ' म्हणजे इथे, 'म्हणौनि' म्हणजे म्हणून, आणि पां, गा, जी हे बोलण्यातले हेल, जसं आपण 'अगं', 'बरं का' म्हणतो. 'सांडणे' म्हणजे सोडणं, टाकणं. पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो' आपण शाळेपासून हात जोडून म्हणतोय, दुष्टांच्या मनातला वाकडेपणा सुटो असं ते मागणं आहे, मला हे पस्तिशीत कळलं आणि त्या दिवशी ऑफिसला जाताना बसमधे मी तेवढी एकच ओळ मनात म्हणत गेले.

आणि मोठ्याने वाचा. घरात कुणी झोपलं असेल तर पुटपुटत वाचा, पण ओठ हलू देत. ओवीचे पहिले तीन चरण यमकात येतात आणि चौथा आखूड पडतो, जात्यावरच्या ओवीसारखा, तो आखूड चरण आला की श्वास आपोआप थांबतो. तिथे थांबायचं. पुढची ओवी लगेच सुरू नाही करायची.

कुठून सुरू करायचं

पहिल्या पानापासून नको, हे माझं स्पष्ट मत आहे, काही लोकांना पटणार नाही. पहिल्या अध्यायाच्या सुरुवातीला गणपतीचं रूपक आहे, सगळं वाङ्मय म्हणजे गणेशाची मूर्ती, सहा दर्शनं म्हणजे सहा हात, ते अफाट आहे पण त्यासाठी आधी बरंच काही माहीत असायला लागतं आणि नवखा माणूस तिथेच दमून पुस्तक ठेवतो. आधी पसायदान वाचा, अर्थासकट, कारण ते पाठ असतं आणि पाठ असलेल्या गोष्टीत नवीन काही दिसलं की हुरूप येतो. मग पहिल्या अध्यायातल्या साधारण ५६ ते ६० या पाचच ओव्या. मग बारावा अध्याय, अडीचशेच्या आत ओव्या आहेत, भक्तीचा आहे, 'जय जय वो शुद्धे' असं सुरू होतो. त्यानंतर नववा आणि पंधरावा. तेरावा आणि अठरावा सावकाश, अठरावा तर एकटाच अठराशे ओव्यांचा आहे.

त्या पाच ओव्या का, तर हा ग्रंथ कसा वाचायचा हे ज्ञानेश्वरांनी तिथे स्वतःच सांगितलंय. इतकं सरळ सांगितलंय की वेगळ्या गाइडची गरजच नाही खरं तर. शरद ऋतूतल्या चंद्राच्या किरणांमधले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं जशी हळुवार मनाने टिपतात तशी ही कथा अनुभवायची, चित्तात अतिशय हळुवारपण आणून. मग म्हणतात,

हें शब्देंविण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे ।
बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी ॥

शब्दांशिवाय याच्याशी बोलायचं, इंद्रियांना कळू न देता याचा आस्वाद घ्यायचा, आणि शब्द पोचायच्या आधी अर्थाला जाऊन भिडायचं. 'झोंबणे' हा शब्द बघा, कुस्तीतला शब्द आहे, एवढ्या हळुवार बोलण्यात मधेच तो आलाय. आणि लगेच पुढे, भुंगे पराग घेऊन जातात पण कमळाच्या पाकळ्यांना पत्ताही लागत नाही, तसं वाचा.

हा भुंगा लक्षात ठेवा, तो परत येणारे.

आठवडा कसा घालवायचा

मी करते ते सांगते, तुम्ही तुमच्या सोयीने बदला. सोमवारी ओवी तीनदा मोठ्याने, खालचा अर्थ पोस्टकार्ड ठेवून झाकायचा. आपल्याला काय कळलं ते आपल्या शब्दांत वहीत, चुकीचं असलं तरी चालेल. मंगळवारी पोस्टकार्ड काढायचं. आपला अर्थ आणि छापलेला अर्थ यात जो फरक पडतो ना तो फार बोलका असतो, कारण जिथे आपण चुकीचं वाचतो तिथे बहुतेक वेळा आपल्याला तसं वाचायचंच असतं. उरलेल्या दिवसांत नवीन काही नाही, ओवी हाताने लिहायची, स्वयंपाक करताना म्हणायची, गाडीवर सिग्नलला थांबलं की म्हणायची. वहीचं पान दुमडून दोन भाग करा, डावीकडे ओवी, उजवीकडे एवढंच की ही वाचताना कोण आठवलं, कशाचा राग आला, काय नको वाटलं. विचार छान छान लिहायचे नाहीत. माणसांची नावं लिहा, प्रसंग लिहा. ती वही कुणाला दाखवायची नाही म्हणजे खरं लिहिलं जातं.

आता माझ्या वहीतलं एक पान सांगते. पहिला अध्याय मी दुसऱ्यांदा वाचत होते. आई गेल्यानंतर माहेरचं घर विकायचं चाललं होतं, दादा वर्षभर मागे लागला होता आणि मी सही करत नव्हते. मी त्याला सांगत होते भाव पटत नाही, कागद नीट नाहीत, सातबारा परत काढ, माझं कामच आकड्यांचं त्यामुळे मला कारणं भराभर सापडायची आणि दादा प्रत्येक कारण निस्तरून परत फोन करायचा. त्या आठवड्यात ओवी होती ही,

जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें ।
परि कळिकेमाजीं सांपडे । कोंवळिये ॥

अर्जुनाबद्दल आहे. ज्याने युद्धात शंकराला जिंकलं, निवातकवचांचा ठावठिकाणा ठेवला नाही, तो नातलगांना समोर बघून एका क्षणात ढासळला. भुंगा कसलंही कोरडं लाकूड सहज पोखरून काढतो पण कोवळ्या कळीत सापडतो. पुढची ओवी आहे की तिथे तो जीव सोडेल पण पाकळी चिरणं त्याला माहीत नाही, आणि मग 'तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा'. माया कोवळी असते म्हणूनच कठीण असते.

सोमवारी मी झाकलेल्या अर्थाशेजारी लिहिलं होतं, भुंगा मूर्ख आहे. मंगळवारी अर्थ वाचला. बुधवारी उजव्या बाजूला लिहिलं, दादा. गुरुवारी काहीच नाही. शुक्रवारी कणीक मळताना ती ओवी म्हणत होते आणि एकदम कळलं की भाव, कागद, सातबारा हे सगळं कोरडं लाकूड आहे आणि ते मी गेलं वर्षभर किती छान पोखरतेय. हात तसेच कणकेचे ठेवून बसले थोडा वेळ. संध्याकाळी दादाला फोन केला आणि सांगितलं की भावाचं काही नाही रे, मला ते घर सोडवत नाहीये. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, मला पण. वर्षभरात आम्ही हे एकदाही बोललो नव्हतो. घर पुढच्या दिवाळीनंतर विकलं, सही करताना रडले, पण खोटं कारण सांगून नाही.

स्वतःला शोधणं म्हणतात ते माझ्या अनुभवात असंच होतं. एका ओवीला एखादी गोष्ट आपल्याबद्दल कळते, ती पण आपल्याला नको असते तीच.

न कळणाऱ्या ओव्यांचं काय करायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इथेच बहुतेक जण वाचन सोडतात. न कळण्याचे प्रकार आहेत. शब्द अडला असेल तर शब्दकोश आहे, पुस्तकाच्या मागे कठीण शब्दांची यादी असते. संदर्भ अडला असेल, म्हणजे निवातकवच कोण वगैरे, तर कुणाला तरी विचारा, गावातल्या एखाद्या जाणत्या वारकऱ्याला विचाराल तर तो आनंदाने तासभर सांगेल. पण काही ओव्यांत शब्द कळतात, अर्थ वाचून होतो, तरी ती बंद राहते. दार दिसतंय पण कडी आतून आहे. अशा ओवीला उपमा देऊन, सायन्स जोडून, कुठलं तरी प्रवचन ऐकून ती घाईघाईने 'समजून' घ्यायचा मोह होतो, तो टाळा. उलट बाजूने, हे सगळं जुनं काहीतरी, असलं काही नसतं, असं म्हणून झटकायचा पण मोह होतो, तो पण टाळा. वहीच्या शेवटच्या पानावर 'बंद ओव्या' असं लिहून तिथे ती ओवी तारखेसकट उतरवा आणि पुढे चला. वर्षातून दोनदा, आषाढीला आणि कार्तिकीला, ते पान उघडून बघायचं, मी तरी तसं करते. काही उघडलेल्या असतात, आपण काही न करता.

'शब्देंविण संवादिजे' ही माझ्या त्या पानावर चार वर्षं होती. मला वाटायचं सुंदर आहे पण म्हणजे करायचं काय नक्की. आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली, त्यानंतरचे सहा-सात महिने मी शनिवार-रविवार तिच्याजवळ बसून वाचायचे. तिची पारायणं झालेली, सगळं कानात बसलेलं, मी कुठे चुकीचा उच्चार केला, कोंवळे ऐवजी कोवळे म्हटलं, की ती माझा तळवा दाबायची, तेवढी बोटं हलत होती. मी दुरुस्त करायचे, पुढे जायचे. एका दुपारी मी वाचत नव्हते. पुस्तक मांडीवर बंद होतं, तिचा हात हातात होता आणि माझ्या मनात एका नातेवाइकाबद्दल राग चालला होता, अगदी शब्द जुळवून चालला होता. आणि तिने तळवा दाबला. चूक झाल्यावर दाबायची तसाच.

योगायोग असेल. असेलच कदाचित. मी हे कुणाला पटवायला सांगत नाहीये आणि मी स्वतः पण ते ठरवलेलं नाही. तेव्हाही नाही ठरवलं, आत्ताही नाही. एवढंच केलं की संध्याकाळी वहीच्या शेवटच्या पानावर त्या ओवीसमोर तारीख टाकली. तुम्हालाही असं कधी काही झालं तर माझं सांगणं इतकंच, त्याला लगेच नाव देऊ नका, साक्षात्कार म्हणू नका, भास म्हणू नका, त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर टाकू नका कारण मग दहा जणांचे दहा अर्थ आणि हात जोडलेले इमोजी येतात आणि आपलं आपल्याकडे काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी तेच परत व्हावं म्हणून त्याच जागी त्याच वेळी बसू नका. तारीख टाका आणि रोजची ओवी वाचा.

श्रद्धा लागते का असं एका मैत्रिणीने विचारलं होतं, ती देव मानत नाही. नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी तिला वाचून दाखवली, 'तरि अवधान एकलें दीजे', तुम्ही फक्त लक्ष द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, हे मी प्रतिज्ञेवर सांगतो. मागितलंय ते अवधान. ती आता बारावा वाचतेय, भांडत भांडत वाचतेय, मला तिची वही बघायची फार इच्छा आहे पण नियम माझाच आहे.

काही गोष्टी सांभाळा

सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे, अंगावर काटा येतो इतकं जिवंत आहे, आसन, बंध सगळं. ते वाचून घरी एकट्याने श्वास कोंडून प्रयोग करायला बसू नका. वाचायचं, आश्चर्य करायचं, पुढे जायचं, शिकायचंच असेल तर समोर शिकवणारा माणूस पाहिजे. अकराव्यात तर अर्जुनाने स्वतः हट्टाने विश्वरूप मागून घेतलं आणि दिसल्यावर घाबरून परत आपला नेहमीचा कृष्ण मागितला. मोठं काही बघायची घाई कुणाला असेल तर तो अध्याय आधी सावकाश वाचा.

दुसरं, मन खरंच बिघडलेलं असेल, झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतंय, तर आधी डॉक्टर. ज्ञानेश्वरी थांबते, ती सातशे वर्षं थांबलेली आहे. माझ्या घरात हे झालंय, गोळ्या आणि ओव्या दोन्ही एका वेळी चालल्यात आणि एकाने दुसऱ्याचं काही बिघडवलं नाही.

तिसरं म्हणजे खंड. पडतो. मुलांच्या परीक्षा, मार्च एंड, आजारपण, माझा एकदा अकरा महिन्यांचा खंड पडला. परत सुरू करताना राहिलेलं भरून काढायचं टार्गेट ठेवू नका, शेवटची लिहिलेली ओवी काढा आणि ती परत एक आठवडा वाचा. बहुतेक वेळा ती आता वेगळी लागते.

एखादा सोबती मिळाला तर बघा, पण एकच. माझी भाची कॅनडात असते, तिला मोडी-बिडी काही नाही, मराठीच जेमतेम वाचता येतं, रविवारी रात्री आम्ही फोनवर एकच ओवी आलटून पालटून म्हणतो आणि फोन ठेवतो. अर्थावर चर्चा करत नाही. ती म्हणते मावशी तुझा आवाज ओवी म्हणताना वेगळा होतो. असेल, मला तो ऐकू येत नाही.

आणि तो भुंगा. तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना तो मला तिसऱ्यांदा भेटला. भुंगे कमळावर पाय हळुवार ठेवतात, आतला केसर चुरगळेल या शंकेने, तसा तो माणूस, परमाणूंतही जीव आहेत हे जाणून, 'कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले'. करुणेत पावलं लपवून चालतो. पहिल्यांदा वाचायचं कसं हे सांगायला आला होता, दुसऱ्यांदा अडकतो कसं ते, आता चालायचं कसं. गेले तीन आठवडे याच ओवीवर आहे, नियम मोडून. जिना उतरताना, ऑफिसच्या कॉरिडॉरमधे, कुणाच्या तरी टेबलाशी चुकलेला आकडा दाखवायला जाताना ती आठवते आणि माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू यायला लागलाय. वहीत डावीकडे ओवी लिहून झालीय. उजवी बाजू अजून कोरी आहे.